आगाऊ मृत्युलेख

आपण गेल्यावर पेपरात काय छापून येणार, हे आधीच ऐकण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. ज्यांना लाभतं त्यांना ते एकट्याने ऐकू देत नाहीत. रविवारी सकाळी दहाला केसलर्टनहून फोन यायचा होता, आणि नऊलाच सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या आठव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये गजभिये कुटुंबाचा कोरम पूर्ण होत आला होता.

गणपतराव मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा कान भिंतीकडे करून बसले होते. डावा कान चौतीस वर्षांच्या छापखान्याने नेला होता. त्यामुळे ते कुठला कान कुणाकडे करून बसले आहेत यावरून त्यांचं त्या माणसाबद्दलचं मत कळत असे.

ईमेल मंगळवारी आली होती. ओहायो नदीकाठच्या त्या लहानशा शहराचा 'केसलर्टन डिस्पॅच' नावाचा पेपर. तिथे तळघरात न खपलेल्या अंकांचे गठ्ठे मोजण्यापासून गणपतरावांनी सुरुवात केली, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. गावातल्या नामांकित लोकांचे मृत्युलेख पेपर आधीच लिहून ठेवतो, शक्य असेल तर त्या-त्या माणसाकडूनच तपशील तपासून घेतो, आणि मग वाट पाहतो. ही पद्धत जुनीच. पण मिस डेलानी नावाच्या त्या मुलीने सभ्य इंग्रजीत कळवलं होतं की डिसेंबरअखेर संपादकीय विभागातली निम्मी माणसं कमी व्हायची आहेत, तेव्हा माहीतगार माणसं जाण्याआधी हे काम उरकून घ्यावं असं ठरलं आहे. जाणारी माणसं म्हणजे नोकरीवरून. मरणाऱ्यांना घाई नव्हती.

"जिवंत माणसाचं असलं काही लिहून ठेवतात का?" सरलाने मंगळवारीच विचारलं होतं, आणि आज पोहे परतताना पुन्हा विचारलं. ज्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी-शेजारी आहेत, त्या भिंतीसमोर 'अपशकुन' हा शब्द काढायची सोय नव्हती. म्हणून थोडं थांबून ती म्हणाली, "मला ते हायजीनिक वाटत नाही."

"अगं, मान आहे तो," रत्नदीप म्हणाला. "कुणाचाही लिहीत नाहीत."

"मान आहे तर आत्ता छापा म्हणावं. मेल्यावर वाचायला कोण जातंय?"

गणपतरावांनी उजवा कान स्वयंपाकघराकडे वळवला. या घरात मुद्द्याचं बोलणारी ती एकटीच, असं त्यांचं जुनं मत होतं.

रत्नदीप त्यांचा पुतण्या, सरला त्याची बायको. धाकटा भाऊ गेल्यावर त्याची दोन्ही मुलं, रत्नदीप आणि प्रीतम, गणपतरावांनी केसलर्टनहून पत्रं लिहून वाढवली. अभ्यास केला का, दात घासले का, सगळं पत्राने. मुलं त्यांना नागपूरच्या रीतीने मोठेबाबा म्हणत. पुढे पत्नी अरुणाबाई गेल्या, गणपतराव त्या मोठ्या घरात एकटे उरले, तेव्हा रत्नदीप स्वतः अमेरिकेला जाऊन त्यांना सिंगापूरला घेऊन आला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तो रोज पहाटे कंपनीच्या बसने बेटाच्या या टोकापासून त्या टोकाला, तुआसच्या गोदीवर जाई, आणि परत आल्यावर बूट काढायच्या आधी विचारी, "मोठेबाबा जेवले?"

आणि दर चौदा एप्रिलला, खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, इथली बौद्ध मंडळी जमली की, रत्नदीप माईक हातात घेई. एरवी अबोल माणूस, पण त्या दिवशी त्याला वाचा फुटे. मृत्यूच्या पानाची गोष्ट तो सांगे. केसलर्टनच्या पेपरात काळ्या माणसाच्या मरणाची बातमी त्या पानावर येत नसे, मंगळवारी कोपऱ्यात बारीक टायपात दोन ओळी येत. आणि नागपूरच्या वस्तीतून गेलेल्या एका माणसाने हे कसं बंद पाडलं. लोक उठून टाळ्या वाजवत. पहिल्या रांगेत बसलेल्या गणपतरावांचा उजवा कान त्या वेळी नेमका बाहेरच्या झाडांकडे असे.

साडेनऊला प्रीतम आणि त्याची बायको रुपाली आले. बुकित तिमाहहून येताना त्यांनी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून कॅरट केक आणला होता, ज्यात गाजर नसतं आणि जो केकही नसतो. प्रीतम बँकेत होता. हा दोन हजार आठचा ऑक्टोबर असल्यामुळे त्याच्याकडे कुणी 'कसं चाललंय' असं विचारत नव्हतं.

"मोठेबाबा, एक सांगू?" बसायच्या आधीच तो म्हणाला. "हुद्दा पहिल्या ओळीत आला पाहिजे. सीनियर व्हाइस प्रेसिडेंट अँड जनरल मॅनेजर. लोक पहिलीच ओळ वाचतात."

"आणि मधे थोडा ह्यूमन टच," रुपाली म्हणाली.

"मेलेल्या माणसाच्या बातमीत ह्यूमन टच असतोच बावा," गणपतराव म्हणाले. "तो मेलेला असतो."

राणी हसली. रत्नदीपची ही पंधरा वर्षांची मुलगी फोनच्या शेजारी वही घेऊन बसली होती. गणपतरावांना फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून स्पीकर लावायचा आणि राणीने मध्ये बसायचं, असं ठरलं होतं. तिचं इंग्रजी इथल्या शाळेचं, गणपतरावांचं ओहायोचं. मराठी त्यांचं सत्तावन्न सालचं नागपुरी, तिचं तर अजून यायचंच होतं. तरी तिचं आणि तिच्या या आबांचं छान जमे.

"पोट्टे हो," गणपतराव म्हणाले, "फोन यायच्या आधी एक सांगून टाकतो. मले त्यात एक दुरुस्ती करायची आहे."

त्यांचा आवाज जनरल मॅनेजरचा झाला होता. सरलाने गॅस बंद केला.

"त्या मुलीने मसुदा पाठवला होता. मी वाचला. त्यात लिहिलंय की अडुसष्ट साली गजभिये सर्क्युलेशनचे, म्हणजे खपविभागाचे, प्रमुख झाले आणि मृत्यूचं पान त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं."

"मग? खरंच आहे ते," रत्नदीप म्हणाला.

"खरं आहे. खोटं काहीच नाही त्यात. पण ते पान पहिल्यांदा मी नाही उघडलं. वॉल्टर हेन्स्लीने उघडलं, सहासष्टमध्ये. आमचा सिटी एडिटर."

"हा कोण?" प्रीतमने विचारलं. घरात हे नाव कुणीच ऐकलं नव्हतं.

गणपतरावांनी सांगितलं. मिसेस ओडेसा प्राइस नावाच्या काळ्या मुख्याध्यापिका वारल्या. चाळीस वर्षं शाळा चालवलेली बाई. वॉल्टरने कुणालाही न विचारता गुरुवारच्या अंकात, मृत्यूच्या पानावर, फोटोसकट तिचा मृत्युलेख छापला. शुक्रवारी सकाळी फर्निचरच्या दुकानाने जाहिरात काढून घेतली. दुपारी मालकाने सर्क्युलेशनमधल्या गणपतरावांना वर बोलावलं आणि विचारलं, किती लोकांनी पेपर बंद केला?

"मी आकडा सांगितला. दोनशे बारा. बरोबर आकडा होता."

"मग तुमची काय चूक?" रुपाली म्हणाली.

"सकाळी न खपलेले अंक परत यायचे माझ्याकडं. रिटर्न. रोज गठ्ठेच्या गठ्ठे. त्या दिवशी नदीपलीकडच्या काळ्या वस्तीतून एकही अंक परत आला नाही. एक नाही. चौकातले सगळे रॅक रिकामे. लोकांनी एकेकाने चार-चार घेऊन ठेवले होते. हे त्या इमारतीत फक्त मले माहीत होतं." ते थांबले. "मालकाने बंद किती झाले ते विचारलं. खपले किती, ते नाही विचारलं. मीही नाही सांगितलं. संध्याकाळी वॉल्टरची नोकरी गेली."

कॅरट केक थंड होत होता. त्याच्याकडे बघायला आता सर्वांनाच बरं वाटत होतं.

"आणि दोन वर्षांनी, प्रमुख झाल्यावर, त्या दिवसाच्या रिटर्नचा कागद मी ड्रॉवरमधून काढला," गणपतराव म्हणाले. "मालकाला म्हटलं, मेलेल्या माणसाला नातेवाईक असतात, आणि नातेवाईक पेपर विकत घेतात. त्याला लगेच पटलं. न्याय म्हणून नव्हतं पटलं, धंदा म्हणून पटलं. मग माझं नाव झालं. पुढच्या सगळ्या खुर्च्या तिथूनच मिळाल्या."

प्रथम बोलला प्रीतम. बँकेतल्या माणसाला धोक्याचा वास लवकर येतो. "मोठेबाबा, टेक्निकली तुम्ही काहीही चुकीचं सांगितलं नाही. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. हे इतकं लिहायची गरज नाही."

"हेच म्हणते मी," सरला म्हणाली. मंगळवारपासून ती या मृत्युलेखाच्याच विरोधात होती, आणि आता अचानक तो जसाच्या तसा राहावा अशी तिची इच्छा झाली होती. "चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रीन कार्ड झालं नव्हतं तुमचं. अरुणाकाकू नुकत्या आलेल्या. बोलला असतात तर तुम्हालाही काढलं असतं."

"काढलं असतं."

"मग?"

"मग काय? त्याला काढलं ना."

रत्नदीप अजून बोलला नव्हता. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला होता, म्हणजे गणपतरावांच्या बिनकामाच्या कानाच्या बाजूला. तरी त्यांना सगळं ऐकू आलं, कारण रत्नदीप ओरडला.

"सात वर्षं! सात वर्षं मी खाली माईकवर सांगतोय. तुम्ही समोर बसलेले असता! एकदा तरी म्हणायचं होतं, रतन, थांब. मागच्या एप्रिलला त्या मेश्रामांचा म्हातारा रडला माझं ऐकून. त्याला काय सांगू मी आता?"

"दादा, हळू," प्रीतम म्हणाला.

"तू गप रे. तू येतोस कधी एप्रिलला? तुला पार्किंग मिळत नाही." रत्नदीप पुन्हा वळला. "आपल्या माणसांना सांगायला आपल्याकडे आहे काय मोठेबाबा? ही एक गोष्ट होती. गोदीवर दिवसभर दुसऱ्याचं ऐकायचं, आणि वर्षातनं एकदा हे सांगायचं. तेवढंच होतं. ते पण तुम्हाला दुरुस्त करायचंय?"

गणपतरावांना उत्तर देता आलं असतं. ते त्यांनी चार दिवस तयारही केलं होतं. व्हॉइड डेकमध्ये सांगितलं ते भाषण, छापून आलं तो पुरावा. भाषणाला मी गप्प बसलो, पुराव्याला बसणार नाही. पण इंग्रजीत चांगलं वाटणारं ते वाक्य पुतण्याच्या चेहऱ्याकडे बघून मराठीत येईना. पत्रातून वाढवलेल्या मुलाचा राग त्यांनी समोरासमोर प्रथमच पाहिला होता. पत्रात राग उतरेपर्यंत बारा दिवस जात.

"नका सांगू," रत्नदीप हळू आवाजात म्हणाला. "माझ्यासाठी म्हणून नका सांगू. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

हे खरं होतं. सायकलसुद्धा त्याने मागितली नव्हती. ती प्रीतमने दोघांच्या वतीने मागितली होती.

"पण डॅडी," राणी शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "दॅट वॉल्टर गाय हाऊ? ही गॉट सॅक्ड लेह."

"राणी, तू मध्ये बोलू नकोस."

"आय ॲम सिटिंग इन द मिडल, व्हॉट. तुम्हीच बसवलं."

आणि फोन वाजला. दहाला दोन मिनिटं कमी होती. केसलर्टनमध्ये शनिवारची रात्र असणार, रात्रपाळीच्या टेबलावर ती मुलगी एकटीच असणार आणि घरी जायच्या आधी हे काम संपवायला बघत असणार, हे गणपतरावांनी घंटेच्या आवाजावरूनच ओळखलं.

राणीने बापाकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि स्पीकरचं बटण दाबलं.

मिस डेलानीचा आवाज तरुण आणि थकलेला होता. ती अर्थातच इंग्रजीत बोलत होती. मिस्टर गजभिये या नावाचा तिने चांगला मन लावून सराव केला होता आणि तरी ते तिला जमलं नाही, तेव्हा गणपतराव म्हणाले, "कॉल मी गस." हे नाव त्यांना केसलर्टननेच दिलं होतं. गणपत हे नाव वडिलांनी ठेवलं तेव्हा घर बौद्ध व्हायला पंचवीस वर्षं अवकाश होता; पुढे देव गेले, नाव राहिलं, आणि अमेरिकेने त्याचं गस करून तो प्रश्न परस्पर मिटवला.

तिने मसुदा वाचायला घेतला. जन्म नागपूर. शिक्षण. तळघरातली पहिली नोकरी. ती 'ते होते', 'ते म्हणत असत' असं भूतकाळात वाचत होती आणि दर वेळी सरला पदर जरा घट्ट धरत होती. मग अडुसष्ट साल आलं.

"इथे काही बदल, सर?"

रत्नदीप खिडकीशी पाठमोरा होता. गणपतरावांना त्याचे केस मागून विरळ झालेले दिसले. त्याच्या बापाचे असेच गेले होते.

"हो," ते म्हणाले. "आहे."

आणि त्यांनी सांगितलं. मघाशी सांगितलं होतं तेच, पण आता ते बातमीसारखं, तारीखवार, एकेक वाक्य सुटं करून सांगत होते. पलीकडे कीबोर्ड वाजत होता. वॉल्टर हेन्स्ली या नावाशी तो थांबला. त्या नावाचं आमच्याकडे काहीच नाही, ती म्हणाली. त्याचा मृत्युलेखही सापडत नाही.

"सापडणार नाही," गणपतराव म्हणाले. "त्र्याऐंशीमध्ये वारला तो, डेटनला. काढून टाकलेल्या माणसाचा छापत नव्हते. तेव्हा मी व्हाइस प्रेसिडेंट होतो."

कीबोर्ड पुन्हा सुरू झाला.

"अजून एक," ते म्हणाले. हे त्यांनी मघाशी घरात सांगितलं नव्हतं. अरुणाबाईंनाही सांगितलं नव्हतं. "वॉल्टर रोज संध्याकाळी खाली तळघरात यायचा. एडिटर लोक खाली येत नसत. तो यायचा, खिशातलं उकडलेलं अंडं सोलत माझ्या टेबलावर बसायचा आणि विचारायचा, गस, आज काय परत आलं? लोकांनी काय वाचलं नाही, ते त्याला बघायचं असायचं. त्या शुक्रवारीही आला. खोकं घेऊन. टेबल रिकामं करून निघाला होता. जाता जाता विचारलं त्याने, गस, काय परत आलं?"

राणीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मी म्हणालो, अजून मोजलं नाही."

पलीकडे कीबोर्ड पुन्हा वाजू लागला.

"सर," मिस डेलानी म्हणाली, आणि तिचा आवाज आता थकलेला नव्हता, "मी दुरुस्त केलेलं वाक्य वाचून दाखवते. बरोबर असेल तर हो म्हणा, म्हणजे मी मसुदा बंद करते."

तिने वाचलं. चांगलं बांधलेलं इंग्रजी वाक्य होतं, त्यात दोन-तीन पोटवाक्यं होती, आणि सगळं सौम्य आणि प्रमाणात होतं. सरलाने कपाळाला आठी घातली. "काय म्हणाली ती? एवढं लांब काय म्हणाली?"

राणीने वहीत पाहिलं. तिच्याकडे पोटवाक्यांएवढं मराठी नव्हतं. जेवढं होतं तेवढ्यात तिने सांगितलं.

"वॉल्टरने चांगलं काम केलं. आबांना माहीत होतं. आबा बोलले नाहीत. वॉल्टर गेला. मग आबा मोठे झाले."

प्रीतमने डोळे मिटून घेतले. रुपाली टेबलावरचा एक पोहा बोटाने उचलत राहिली.

"सर?" फोन म्हणाला. "हे बरोबर आहे?"

गणपतरावांनी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि सबंध हयात त्यांनी त्या शब्दावर छपाई सुरू केली होती. पण तो शब्द बाहेर येईना. त्यांनी पाणी मागायला हात वर केला.

"मिस्टर गस, सर? तुम्ही आहात ना लाइनवर? मला कुणाचा तरी होकार लागेल."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रत्नदीप खिडकीपासून आला होता. तो राणीच्या खांद्यावरून फोनकडे वाकला. त्याचं तोंड गणपतरावांच्या चांगल्या कानाजवळ होतं, त्यामुळे पुढचं सगळं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. गोदीवर बोलतो तसलं, जपून जुळवलेलं इंग्रजी.

"येस, मॅडम. इट इज करेक्ट. एव्हरीथिंग. प्लीज प्रिंट लाइक दॅट."

"आणि आपण कोण बोलताय, सर? मला नोंद करावी लागेल."

"रत्नदीप गजभिये," तो म्हणाला. त्याने गणपतरावांचा वर केलेला हात खाली घेतला, आपल्या हातात धरला, आणि मग म्हणाला, "आय ॲम हिज सन."

कीबोर्ड वाजला. नोंद झाली. चौतीस वर्षांत छपाईला जाणाऱ्या मजकुरात तपशिलाची चूक दिसली, की गणपतराव मशीन थांबवत असत. ही त्यांनी जाऊ दिली.